कुजबुजत शिकलेलं इंग्रजी

वहिनींचा डावा तळहात फरशीवर टेकला, की आम्ही ओळखायचो, आता फ्रॉम येणार. तो हात तिथेच ठेवून उजवा हात त्या हळूहळू पुढे सरकवायच्या आणि टू म्हणून थांबायच्या. "डावा उचलायचा नाही," त्या म्हणायच्या. "कुठून निघालो ते विसरलं, की वाक्य वाटेतच बसतं." हे सगळं इतक्या हळू आवाजात, की शेजारी कुणी भांडी घासायला काढली तर आम्हाला त्यांचे ओठ वाचावे लागत.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याला मोठ्याने बोलताना कुणी पाहिलेलं नाही. आमच्या वहिनींकडे मात्र त्याला कारण होतं, आणि ते कारण पडद्यामागे घोरत असायचं.

लिंबायतमध्ये आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांची एकच खोली. दादा, म्हणजे त्यांचे यजमान, पॉवरलूमवर रात्रपाळीला जायचे आणि दिवसा झोपायचे. खोलीच्या मधोमध दोरीवर जुनी साडी टाकलेली. तिच्या पलीकडे दादा, अलीकडे आम्ही पाच मुलंमुली आणि इंग्रजी. वहिनी धुळ्याला बी.ए. झालेल्या. एम.ए.ला नाव घातलं आणि लग्न ठरलं, ते अर्धवट टाकून सुरतेला आल्या. शिकवणीला दुसरी जागा नव्हती. म्हणून आम्ही इंग्रजी कुजबुजत शिकलो. "हळू, पण बरोबर," हे वहिनींचं रोजचं वाक्य.

एकदा शेजारच्या काकूंनी दारातून डोकावून विचारलं, "काय गं, कसला जप चाललाय?"

"प्रीपोझिशनचा," वहिनी म्हणाल्या.

काकूंनी हात जोडले आणि निघून गेल्या.

पुस्तकातली उदाहरणं वहिनींना आवडत नसत. त्या म्हणायच्या, "दादा सात ते सात लूमवर असतात. पूर्ण वेळ, हलायचं नाही. म्हणून फ्रॉम सेव्हन टू सेव्हन. आपला नळ पाच आणि सहाच्या मध्ये कधीतरी येतो. कधी, ते त्या नळालाच ठाऊक. म्हणून बिट्वीन फाइव्ह अँड सिक्स." फ्रॉमच्या घरी टू नांदायची आणि बिट्वीनच्या घरी अँड. मी एकदा बिट्वीनला टू जोडली, तर त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, सून भलत्याच घरात पाठवलीस की!"

नखशिखांत हा शब्द इंग्रजीत कसा सांगायचा, असं मी विचारलं. मी सरळ पायाच्या नखापासून सुरुवात केली होती. वहिनी पदर तोंडाशी धरून हसल्या. "फ्रॉम हेड टू टो म्हण. इंग्रज माणसाला वरून खाली बघतो. आपण नखापासून शेंडीकडे जातो. ज्याची त्याची सवय."

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पप्पा पांडेसऱ्याच्या मिलमध्ये रंगखात्यात होते, तिथेही पाळी सात ते सात. मला इंग्रजी हा मुख्य विषय घ्यायचा होता. घरी हे सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, "पण तू तर गुजराती शाळेतली." ते खरंच होतं. कॉलेजात त्यासाठी तोंडी परीक्षा असायची. ती गेली, तर विषयही गेला. मी भीत भीत वहिनींना विचारलं, जमेल का? त्या म्हणाल्या, "घे. माझं राहिलं ते तू पुढे ने." एवढंच. पण त्या दिवसापासून मला माझ्यापेक्षा त्यांचीच जास्त काळजी वाटू लागली.

परीक्षेला दोन प्राध्यापक होते. एकाने वडिलांच्या कामाबद्दल विचारलं. मला सगळं येत होतं. पाळी, वेळ, फ्रॉम, टू, सगळं जागच्या जागी बसलं. पण प्राध्यापक पुढे झुकत होते. मग आणखी झुकले. शेवटी कानामागे हात धरून म्हणाले, "बेन, जरा मोटेथी बोलो ने."

मी प्रयत्न केला. मराठीत मी गल्लीच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारू शकते. पण इंग्रजी तोंडात आलं, की घशाला आपोआप झाकण बसायचं. समोर दादा झोपलेत असंच वाटायचं.

"साचुं लागे छे," ते दुसऱ्यांना म्हणाले, "पण संभळातुं नथी." बरोबर वाटतंय, पण ऐकू येत नाही. चांगले होते बिचारे, त्यांनी पुढच्या सोमवारी पुन्हा बोलावलं. तो शेवटचा मोका होता.

हे ऐकून वहिनी आधी खूप हसल्या, अर्थात आवाज न करता. मग त्यांचा चेहरा उतरला. "तुझी चूक नाही. माझ्या खोलीची आहे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादांचा डबा घेऊन त्या निघाल्या, तेव्हा मलाही बरोबर घेतलं. लूमच्या कारखान्यात मी पहिल्यांदाच जात होते. तो खटखटाट कानात नाही, छातीत वाजतो. तिथले कारागीर एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलतात, नाहीतर ओरडतात. वहिनी लूमच्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी डावा तळहात भिंतीवर टेकला. मला कळलं. मी फ्रॉम म्हटलं. त्यांनी मान हलवली, नाही आलं. पुन्हा म्हटलं. पुन्हा नाही. मग मी डोळे मिटून, पोटातून, गल्लीतल्यासारखी ओरडले, "माय फादर वर्क्स फ्रॉम सेव्हन टू सेव्हन!" डोळे उघडले, तेव्हा वहिनींचा उजवा हात भिंतीवरून सरकत शेवटपर्यंत पोचला होता.

दादा लूम थांबवून आले. "काय बोलस ती?" त्यांनी अहिराणीत विचारलं. वहिनींनी सगळी हकिगत सांगितली, आज त्यांनाही ओरडूनच सांगावी लागली. दादा हसायला लागले. "मन्हा कान तं कामातून गयात! झोपमा ढोल वाजना तरी ऐकू येत नई. तुम्ही कसाले कुजबुज करतस?"

वहिनी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

दादांनी डबा हातात घेतला. "तू मन्हासाठे हळू बोलस, ते बरं वाटे," ते म्हणाले आणि लूमकडे वळले.

सोमवारी मी इतक्या जोरात बोलले, की दारातला शिपाई आत डोकावला. विषय मिळाला. वहिनींना सांगायला धावत गेले. दादा झोपले होते. वहिनींनी ओठांवर बोट ठेवलं. म्हणजे कळूनसुद्धा. शिकवणी पुढेही कुजबुजतच चालली.

यंदा दादांच्या कानांच्या दुखण्याने फारच उचल खाल्ली. डॉक्टरांनी लूम सोडायला सांगितलं. अमळनेरजवळ त्यांच्या भावाचं किराणा दुकान आहे, तिकडे जायचं ठरलं. उधना स्टेशनवर मी पोचवायला गेले होते. गाडी हलली तेव्हा वहिनी खिडकीतून काहीतरी म्हणाल्या, नेहमीच्याच आवाजात.

"वहिनी, जोरात!" मी ओरडले. "ऐकू येत नाही!"

त्या हसल्या. त्यांनी डावा तळहात खिडकीच्या गजावर टेकला आणि उजवा हात बाहेर काढून माझ्या दिशेने लांबवला, जेवढा लांबवता येईल तेवढा. गाडी वळेपर्यंत मी बघत होते. डावा त्यांनी उचलला नाही.