उशापाशी ओढलेलं स्टूल

गोदाबाई गेल्या, ही बातमी मला वेल्ह्यात भोरच्या बाजारातून परतलेल्या शेजारणीनं सांगितली. माझ्या तोंडून पटकन निघालं, "तुला कुणी सांगितलं?" हा प्रश्न बाईंचाच. मग रडू आवरेना...

भोरच्या दवाखान्यात आम्हा चार मुलींना बाईंनी शुश्रूषा आणि बाळंतपणाचं काम शिकवलं. काही विचारलं की त्या उत्तर द्यायच्याच नाहीत. कपाटातलं जाडजूड पुस्तक पुढ्यात आदळायच्या आणि म्हणायच्या, शोधा. पान सापडेपर्यंत चहा नाही. मनातल्या मनात मी त्यांना पुष्कळ बोल लावले आहेत.

एकदा पासली गावची एक गरोदर सून आली, पाय सुजलेले. सासूसमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे काहीही विचारा, सासूच उत्तर देत होती, तेही मायेनं. भाताच्या आवणीत पाण्यात उभी राहिली म्हणून सूज आली, बाकी काही नाही. माझ्याबरोबर शिकणाऱ्या यमुनेनं तेच बाईंना सांगितलं.

"हे कुणी सांगितलं?"

"सासूनं."

"मग गरोदर कोण आहे गं?"

बाईंनी सासूला गरम पाणी आणायला पाठवलं, स्टूल उशापाशी ओढलं आणि नुसत्या बसून राहिल्या. बऱ्याच वेळानं सून पुटपुटली, "डोस्कं लई दुखतंय. डोळ्यांपुढं अंधारी येती."

बाईंनी आम्हाला पुस्तकाकडं पिटाळलं. ही लक्षणं एकत्र आली तर झटके येऊन आई आणि मूल दोघंही दगावू शकतात, असं त्या पानावर होतं. डॉक्टरांना तातडीनं बोलावलं. दोघंही वाचली.

बाई आजारी असल्याचं कळलं तेव्हा मी भेटायला गेले. दवाखान्यातून मागून आणलेलं ते जुनं स्टूल त्यांच्या खोलीत कोपऱ्यात होतं. त्यांची भाची सांगत होती, जेवतात, झोपतात, आता बऱ्या आहेत. बाई मान डोलावत होत्या. मी भाचीला चहा टाकायला पाठवलं, स्टूल उशापाशी ओढलं आणि गप्प बसले. बाई माझ्याकडं बघून हसल्या.

"शिकलीस म्हणायची," त्या म्हणाल्या. मग डोळे मिटून, "दुखतं गं... फार दुखतं."

त्याच दिवशी डॉक्टरांना आणलं. शेवटी शेवटी तरी त्यांना झोप लागली, एवढंच समाधान.

भाचीनं ते स्टूल मला दिलं. वेल्ह्यात बाळंतिणीच्या उशापाशी मी ते ओढते, बसते. बाईंसारखं गप्प बसणं मात्र अजून जमत नाही.