मामांनी मागितलेला पासवर्ड

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. त्यामुळे भाचीचा तोरा वाढतो असं कोणी समजू नये. उलट, ज्याच्याकडून पाया पडून घेतले त्याला नंतर कशालाच नाही म्हणता येत नाही. मामा अल्लीपूरहून हिंगणघाटला माझ्या घरी आले, पाया पडले आणि चहा हातात घेण्याआधीच म्हणाले, "बाई, पोरीचा पासवर्ड पाह्यजे."

पोरगी म्हणजे माझी मामेबहीण. गावातल्या एका अभ्यासिकेसाठी मी सराव परीक्षांची वेबसाइट बनवली होती, तिच्यावर ती नर्सिंगच्या प्रवेशाची तयारी करत होती. दिवसभर मोबाईल हातात, त्यात घरी स्थळ आलेलं. ती अभ्यास करते की आणखी काही, हे मामांना तिच्या खात्यात शिरून बघायचं होतं. जरा शंका आली की शिक्षण बंद आणि स्थळाला होकार, असं ते ठरवूनच आले होते.

"मामा, मले नाई दिसत तो."

"काऊन? साइट तूच बनवली ना?"

मी लॅपटॉप उघडून तिच्या नावासमोरची अक्षरांची लांबलचक खिचडी दाखवली. साइट ज्या दुसऱ्यांनी लिहिलेल्या आयत्या सांगाड्यावर उभी होती, ते फ्रेमवर्क पासवर्ड जसाच्या तसा ठेवतच नाही, त्याचा हॅश, म्हणजे अशी खिचडी, करून ठेवतं.

"मंग हे उलटं फिरव."

"पिठाची ज्वारी करता येते का, मामा?"

कोणी पासवर्ड टाकला की तोही तसाच दळायचा आणि ठेवलेल्या पिठाशी जुळतो का बघायचं, एवढंच ते करतं. नवा पासवर्ड घालून मला ते खातं उघडता आलं असतं. पण मामांनी ते विचारलं नाही, आणि मीही काही राजा हरिश्चंद्र नाही.

मग ते स्वतःच लॅपटॉपसमोर बसले. तिची जन्मतारीख टाकली, मामीचं नाव टाकलं, गोठ्यातल्या गाईचंही टाकलं. दर वेळी माझा जीव मुठीत, आणि दर वेळी 'पासवर्ड चुकीचा'. ही तपासणी कुठल्या देशातल्या कोणी लिहिली, मला ठाऊक नाही. त्या दुपारी त्या लिहिणाऱ्यांचे फार उपकार वाटले. माझ्या तोंडून निघत नव्हतं ते 'नाही' त्यांनी माझ्यासाठी लिहून ठेवलं होतं.

मामा थकून मागे टेकले. "आपल्याच पोरीचं आपल्याले काईच मालूम नाई," ते म्हणाले. राग नव्हता, जरा ओशाळले होते. "स्थळाचं मंग पाहू. आधी तिलेच विचारतो. तू चाल संगं."

अल्लीपूरला आम्हा दोघांना एकत्र बघून मामेबहिणीचा चेहरा उतरला. मामा तिच्याशेजारी बसले.

"बाई, थे परीक्षेचं तुय मले दाखवशीन का?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मग मोबाईल घेतला, साइट उघडली आणि पासवर्ड टाकायला बोट उचललं. मामांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"झालं की सांगजो," ते म्हणाले, "मंग पाह्यतो."