बोटवाल्या आबांचा काटकोन

कुठलीही चौकोनी वस्तू दिसली की बोटवाले आबा खिशातून सुताराचा गुण्या काढून तिचा कोपरा काटकोनात आहे का तपासत. लग्नाच्या पंगतीतलं टेबलसुद्धा त्यांनी सोडलं नाही. आमच्या पाटणात फौजेतले पेन्शनर गल्लोगल्ली. मालवाहू जहाजावर, म्हणजे बोटीवर, नोकरी केलेले हे एकटेच, म्हणून बोटवाले.

माझं पत्र्याच्या ट्रंकांचं दुकान. एके दिवशी आबा आले. "तीन पत्रे एकमेकांत काटकोनात बसवून दे. मासेमारांच्या होडीवर उंच टांगायचं हाय."

"आवं आबा, पाटणात कुठला आलाय समुद्र?" मी हसलो.

ते हसले नाहीत. धुक्याच्या एका सकाळी त्यांच्या जहाजाखाली एक लाकडी होडी चिरडली होती. रडारवर पहारा आबांचाच होता. "लाकूड रडारला नीट दिसत न्हाई रं. पत्र्याचा काटकोन आलेली लहर सरळ माघारी धाडतो, मग पडद्यावर ठिपका उमटतो. त्या दिवशी ठिपकाच नव्हता. दोघं होती होडीत." मी पत्रा कापायला घेतला.

मग मी नग करायचे आणि आबांनी एस.टी.नं कुंभार्ली घाट उतरून कोकणातल्या होड्यांवर बांधून यायचं, असं सुरू झालं. एकदा मी शहाणपणा केला. ट्रंकेच्या झाकणाला देतो तसा पत्र्यांना ठोकून फुगवटा दिला, मजबुतीसाठी! माझ्यावर भरवसा ठेवून आबांनी न तपासताच बारा नग होड्यांवर चढवलेही. दुकानात उरलेल्या तेराव्याला आबांनी गुण्या लावला, तर तो पत्र्याला सपाट टेकेचना. गुडघे धरलेले असताना दुसऱ्याच दिवशी घाट उतरून त्यांनी बाराच्या बारा सोडवून आणले.

"गड्या, फुगल्या पत्र्यावरनं लहर भलतीकडंच जाती. ह्याच्या भरवशावर ती माणसं बिनघोर ऱ्हायली असती," एवढंच म्हणाले. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

पुढं आबांची दृष्टी गेली. मी नग घरी न्यायचो, ते बोटांनी कोपरे चाचपायचे. "माझ्यामागं हे कोण बघंल रं?" हाच एक घोर त्यांना लागला होता.

एकदा चाचपून म्हणाले, "बेस हाय." मला शंका आली. गुण्या लावला, तर एक पत्रा तिरका. गप्प बसलो असतो तर कुणाला कळणार होतं?

"आबा, चुकलंय. मोडून परत करतो."

त्यांनी तो नग बाजूला ठेवला. मग चाचपडत माझा हात धरला. "मग आता मी सुटलो रं."

असं बोलतात का हो कुणी! आठवड्याच्या आत गेले. आता घाट मीच उतरतो.