कुशलचे कपडे

कुंभवलीच्या समिधाला लग्नाला चार वर्षं होऊनही मूल नव्हतं, आणि त्यात दोष कुणाचा हे सासूनं पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं. समिधाची पाळी कधी दोन-दोन महिने यायचीच नाही, एवढा पुरावा सासूला पुरे झाला. बोईसरच्या डॉक्टरांनीही तपासण्या समिधाच्याच केल्या. तिचा नवरा कुशल कुठे कामाला आहे, हे कुणी विचारलंच नाही.

कुशल संततिनियमनाच्या गोळ्यांच्या कारखान्यात हार्मोनची पावडर चाळायचा. अंगावरचे कपडे तिथेच टाकून अंघोळ करून निघायचा नियम होता. पण न्हाणीघराच्या रांगेत हे महाशय कशाला थांबतील! ते तसेच घरी यायचे, आणि समिधा ते पावडरीनं पांढरेफटक झालेले कपडे रोज आधी अंगणात झटकायची, मग हातानं धुवायची.

पुढे कुशलची छाती बाईसारखी वाढायला लागली. कंपनीनं गुपचूप त्याला पावडरीपासून लांब, गोदामात टाकलं. असं का केलं, ते त्यानं फक्त समिधाला सांगितलं.

"पावडर अंगात गेली हाय. तुझ्या अंगात पन गेली असेल. पन आईला सांगू नको. गावात तोंड दाखवायला जागा रानार नाय मला."

त्यानंतर समिधाची पाळी नियमित झाली आणि वर्षाच्या आत तिला दिवस गेले. सासूनं तिला केळव्याला शितलादेवीपुढे उभं केलं.

"नाक घास. तुझ्यातली खोट काढली देवीनं."

समिधानं कुशलकडे पाहिलं. तो सैल सदरा सावरत, मान खाली घालून नारळ सोलत होता.

तिनं नाक घासलं.