नाकाला लावायचं पांढरं

माझ्या नाकाच्या शेंड्यावर कोडाचा डाग उमटला तेव्हा मी पस्तिशीत होतो. लग्न झालेलं, दोन पोरं, नोकरी सरकारी. म्हणजे मला नापसंत करायला आता कुणी उरलं नव्हतं. तरी जो भेटेल तो इलाज सांगायचा. एक जण म्हणाला, मासे खाल्ल्यावर दूध पिऊ नका. अरे बाबा, पाथर्डी तालुक्यात प्यायच्या पाण्याची मारामार, तिथं मासे कुठून आणू? बायकोजवळ कुरकूर केली तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "डाग नाकावरच आहे ना? डोक्यात नाही ना गेला? मग गप बसा."

डाग दिसतो याचं मला काही वाटत नव्हतं. दुखणं वेगळं होतं. मी जमिनीची मोजणी करणारा माणूस, आणि मोजणी व्हायची ती शेतं मोकळी झाल्यावर, एप्रिल-मेच्या उन्हात. डागाच्या कातडीला रंग नाही, त्यामुळं ती भाजायची, फोड यायचे, फुटायचे, आणि खपली धरतेय तोवर दुसऱ्या गावची मोजणी निघायची. नगरच्या कातडीच्या डॉक्टरांनी नाक इकडून तिकडून वळवून बघितलं आणि म्हणाले, "उन्हात जाऊ नका." म्हटलं, मग जमीन काय घरी बोलावून मोजू? ते हसले नाहीत. त्यांनी झिंकची पांढरी पूड लिहून दिली. खनिजाची पूड, कातडीवर थर धरून बसते आणि ऊन आत जाऊ देत नाही, म्हणाले. मलमात कालवून जाड लावायची. टीव्हीवर क्रिकेट खेळणारे गोरे नाकाला फासतात, तेच हे.

त्या गोऱ्यांना घाम येत नसावा. माझं मलम सकाळी दहाला वितळायचं आणि सव्वादहाला मिशीत यायचं. खोबरेलात कालवलं, ते आणखी लवकर उतरलं. एरंडेलात कालवलं, तर दिवसभर माशा नाकावर बसल्या. शेवटी ऑफिसातल्या डिंकात कालवून बघितलं. ते मात्र टिकलं. इतकं टिकलं की दुपारी मला शिंक आली आणि नाकावर भेगा पडल्या. बायकोनं ते गरम पाण्यानं सोडवताना पोरांना बोलावून दाखवलं.

तुम्ही म्हणाल छत्री का धरत नव्हतात. धरली होती. थोरल्याच्या माणसानं छत्री धरली की धाकटा म्हणायचा साहेब फितले, आणि धाकट्याच्या माणसानं धरली की थोरला तेच म्हणायचा. दोघांनी मिळून धरा म्हटलं, तर मग मोजणी कशाला मागवली असती?

हे थोरला-धाकटा म्हणजे तिसगावच्या अलीकडच्या एका वस्तीवरचे दोघे भाऊ. बाप जाऊन सात वर्षं झालेली, मधल्या बांधावरून दोघांचं बोलणं बंद. आई दोघांच्या घरी महिना महिना वाटून घेतलेली, बांध मात्र वाटता येत नव्हता. आमचं मोजणीचं काम असं, की तिवईवर लाकडी फळा, फळ्यावर जाड कागद. त्याला आम्ही शीट म्हणायचो. हद्दीच्या दगडावर पट्टीवरून नेम धरायचा आणि तिथल्या तिथं शीटवर रेघ मारायची. म्हणजे दिवसभर माझं नाक कागदाच्या वर वीतभर. व्हायचं तेच झालं. दुपारी बाराला, बांधाची रेघ मारून मान वर करतोय तोच झिंकचा एक टपोरा थेंब सुटला आणि नेमका त्या रेघेवर पडला. पुसायला गेलो तर पसरला. वाळला आणि रेघ गेली.

नव्वदच्या त्या दिवसांत तालुक्याच्या ऑफिसांतून व्हाइटनर नुकतं मुरलं होतं. कागदावर पांढरं दिसलं की काय समजायचं हे लोकांना पक्कं ठाऊक होतं.

"आमच्या अंगाची रेघ बरी खोडली सायबांनी," धाकटा म्हणाला.

"तुज्या? माजी खोडली," थोरला म्हणाला.

मी नाक दाखवलं, पुडी दाखवली, शपथ घेतली. काही उपयोग झाला नाही. दोघांचीही खात्री की दुसऱ्यानं मला पैसे चारले. मला तिथं कुणी चहासुद्धा पाजला नव्हता. आठवड्याच्या आत दोघांचे वेगवेगळे अर्ज आमच्या साहेबांच्या टेबलावर.

"शीटवर हे पांढरं काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"माझं नाक आहे, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला. पुढच्या मंगळवारी नवी शीट घेऊन जायचं, पुन्हा मोजायचं, आणि तिच्यावर पांढरं टिंब जरी दिसलं तर दोन्ही अर्ज वर जातील, मग घरी बसून नाक सांभाळा, असं ते म्हणाले. निलंबन हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, पण मला ऐकू आला. आणि झिंक न लावता जावं, तर फोड भरलेला. थेंब पांढऱ्याऐवजी लाल पडला असता. मी घाबरलो होतो, सांगायला कशाची लाज.

मंगळवारी जाड मलम लावून, गळ्यात दोन टॉवेल अडकवून मी बांधावर उभा राहिलो. भाऊ दोन बाजूंना, आपापल्या पंचांसह, माझ्या नाकाकडं टक लावून. त्यांची आई बांधावरच्या लिंबाखाली बसलेली. म्हातारी साठीची असेल, काटक, हातात खुरपं. काम नव्हतं तरी खुरपं होतं. पहिल्या दगडावर नेम धरला आणि नाकाच्या शेंड्याला गार लागलं. थेंब लोंबायला लागला होता. मी मान अशी झटकली की थेंब शर्टावर आणि चष्मा ढेकळात.

"आवो सायेब," म्हातारी बोलली, "त्याल लावून कदी काई टिकतं व्हय?"

मला राग आला. म्हटलं, मावशी, डॉक्टरनं दिलंय.

"डाक्टर कुंकू लावतो का? आदी मेन लावावं लागतं. मंग वरून कोरडी पूड दाबायची. आमी काय उनात खुरपत न्हवतो? दिस बुडंस्तोवर घाम गळायचा, पर कपाळाचं हालत न्हवतं."

माझी आई जन्मभर असंच कुंकू लावायची. मेणाचं बोट कपाळावर, त्यावर कुंकवाची चिमूट. मी रोज बघितलेलं. आणि मी डिंकात कालवत बसलो होतो.

म्हातारी वस्तीवर गेली आणि ट्रंकेतून एक पितळी डबी घेऊन आली. झाकण घट्ट बसलं होतं, ते खुरप्यानं उचकटावं लागलं. आत पिवळं मेण, त्यात मधोमध बोटाचा जुना खळगा. "घिऊन जावा ही," ती म्हणाली. "मला काय करायचीय आता." आरसा नव्हता, म्हणून तिनं माझं नाक टॉवेलानं कोरडं केलं, मेण उन्हात मऊ करून अंगठ्यानं पातळ फिरवलं, माझ्या पुडीतली कोरडी झिंक चिमटीनं घेऊन दाबली, फुंकर मारली. आई गेल्यानंतर माझ्या तोंडाला असा हात कुणी लावला नव्हता. पंच हसत होते, पण मला बरं वाटलं.

तिच्या बोटाला थोडं मेण उरलं होतं. ते बोट आपोआप वर गेलं आणि कपाळाला लागलं. तिच्याही ध्यानात ते लागल्यावरच आलं असावं. बोट तिथंच थांबलं.

"आये, पूस ते," थोरला म्हणाला.

"लोक बगत्यात," धाकटा म्हणाला.

वर्षानुवर्षं ज्या बांधावर त्या दोघांचं एका ढेकळावर एकमत झालं नव्हतं, तिथं ते चटकन एका बाजूचे झाले. म्हातारीनं एकदा याच्याकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं. मग माझ्या पुडीत बोट बुडवलं आणि कपाळावर पांढरा गोल ठसा दाबला.

"ऊन काय सायबाच्या नाकालाच लागतं? अवशद हाय."

दोघांनी माझ्याकडं बघितलं. तिच्या कपाळावर डाग नव्हता, फोड नव्हता, हे चारचौघांना दिसत होतं. पण मी सरकारी माणूस. सातबारा वाचतो त्या आवाजात मी म्हणालो, "औषधच आहे. उन्हात निघताना रोज लावायचं. डॉक्टरनं सांगितलंय." सबंध नोकरीत मी मोजणीच्या जागी उभं राहून एवढंच खोटं बोललो.

मी मोजत राहिलो. कानामागून घाम, पाठीतून घाम, चष्म्याच्या काड्यांवरून घाम, पण नाक कोरडं. दिवस कलला तेव्हा शीटवर रेघांशिवाय काही नव्हतं. दोघा भावांनी ती उलटून पालटून, उजेडासमोर धरून बघितली आणि सह्या केल्या. बांध होता तिथंच निघाला, एक हातसुद्धा इकडं तिकडं नाही. दोघंही सारखेच नाराज झाले.

फळा उतरवून मी लिंबाखाली गेलो. म्हातारी तिथंच बसली होती. मानेवरून घाम गळत होता, पदर चिंब होता, आणि कपाळावरचं पांढरं सकाळी होतं तसं होतं. मी डबीसाठी हात पुढं केला. तिनं खुरप्याच्या टोकानं मेणाचा मोठा गोळा काढला, माझ्या रिकाम्या पुडीच्या कागदात बांधला आणि हातावर ठेवला.

"एवढं घ्या," ती म्हणाली. "डबी ऱ्हाऊ द्या. मला लागंल."