आडोशाला जेवणारी कालवड

म्हसळ्याच्या गुरांच्या प्रदर्शनात माझ्या शेजारी एक म्हातारी आपली कालवड घेऊन बसली होती. बोट बुडवून पेज चाखायची, मग घमेलं पुढे सरकवायची. पण गर्दीत कालवड तोंडच लावेना. परीक्षक जवळ आलेले, आणि खपाटीला गेलेल्या पोटाला बक्षीस कोण देणार?

म्हातारीने खालची गोधडी उचलून कालवडीपुढे आडोसा धरला.

“नवरी हाय काय गो ती?” कुणीतरी ओरडलं.

“व्हय, नवरीच! तुज्यासमोर कशी जेवंल?”

लग्न होऊन आले तेव्हा दोन दिवस माझ्याही घशाखाली घास उतरला नव्हता. मी उठून गोधडीचं दुसरं टोक धरलं. सगळे बघत होते. आतून भुरके ऐकू येऊ लागले.

“हे काय?” परीक्षकांनी विचारलं.

“थांबा वाईच, सायेब. पोर जेवतेय,” म्हातारी म्हणाली.

साहेब हसले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.