नक्त आणि ऑख्तंत

पिल्लांनो, तुमच्यातली धाकटी डच शिकू लागली असं कळलं, म्हणून हे आत्ताच लिहिते.

ऐंशीच्या दशकात जर्सी सिटीत शेजारची डच बाई माझी एकुलती एक मैत्रीण होती. श्रावणी सोमवारी मी नक्त करायची, म्हणजे रात्रीच जेवायची. दर सोमवारी तिचा सकाळचा केक नाकारला, तशी ती रुसलीच. मग लायब्ररीतल्या जाड शब्दकोशात सापडलं: ‘सकाळ’साठीचा तिचा डच शब्द ‘ऑख्तंत’ म्हणजे मुळात सरती रात्र, आणि ‘नक्त’ त्याच मुळातलं!

मी धावत जिने चढून तिला सांगितलं.

“म्हणजे माझी सकाळ तुझी रात्रच की! खा मुकाट्यानं!”

हसून हसून आम्ही जिन्यातच बसलो, आणि मी खाल्ला.

ती आता नाही. माझे श्रावणी सोमवार चालू आहेत, सकाळच्या केकसकट.